गोव्याच्या बाजारात घासाघीस कुठे चालते, कुठे नाही

पणजीच्या मासळी बाजारात सकाळी आठला ३०० रुपये सांगितलेला बांगड्यांचा वाटा दुपारी बाराच्या पुढे १५० ला मिळू शकतो. बाई तीच, टोपली तीच, बांगडेही तेच. सकाळी तिच्यापुढे अख्खा दिवस होता आणि गिऱ्हाइकांची गर्दी होती. दुपारी बर्फ वितळत आलाय, घरी जायची बस गाठायचीय आणि आठ वाटे अजून पडून आहेत. बाजारातली घासाघीस समजून घ्यायची तर एकच प्रश्न धरून चालावं: माल उरला तर तो कोणाच्या अंगावर पडणार? भाव किती हलेल, मुळात हलेल की नाही, हे बहुतेक वेळा यावरच ठरतं.

आपल्याकडे घासाघीस हा तोंडाचा गुण मानतात. प्रत्येक घरात एखादी आत्या किंवा काकी असते, जिच्याबरोबर बाजारात गेलं की पैसे वाचतात म्हणे. तिचं बोलणं ऐकण्यासारखं असतंच. पण ती कोणत्या वारी, किती वाजता आणि कोणासमोर जाऊन उभी राहते हे एकदा नीट पाहा. अर्धं काम तिने तोंड उघडण्याआधीच उरकलेलं असतं.

आता हिशेब मांडू. आकडे सोयीसाठी धरलेत, कोणाच्या वहीतले नाहीत. एका नुस्तेकान्नीने, म्हणजे मासळी विकणाऱ्या बाईने, पहाटे बांगड्यांचा क्रेट ३००० रुपयांना उचलला. टेम्पो, बर्फ, बसायच्या जागेची पावती धरून आणखी ५०० गेले. त्याचे तिने २० वाटे लावले. म्हणजे एक वाटा तिला १७५ ला पडला. ती सांगते ३०० आणि देते २५० ला. अकरापर्यंत १२ वाटे गेले, ३००० हातात आले. उरले आठ.

इथे गिऱ्हाइकाचा अंदाज चुकतो. त्याला वाटतं, वाटा १७५ ला पडलाय, तेव्हा त्याखाली ती उतरायची नाही. पण पहाटे दिलेले पैसे देऊन झाले. हे आठ वाटे विकले काय, न विकले काय, त्या खर्चात आता फरक पडत नाही. दुपारी तिच्या डोक्यात वेगळा हिशेब चालू असतो. आत्ता गेले नाहीत तर यांचं काय करायचं? बर्फात घालून उद्या काढले तर शिळे म्हणून वाट्याला ८० मिळतील, त्यातून बर्फाचे दहा जातील. म्हणजे ७० च्या वर आत्ता मिळेल तो रुपया तिला बराच. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला जड जड नावं आहेत. बाजारात ती म्हणते, "व्हर गो बाय, सोंपोवपाचें आसा." संपवायचंय, घेऊन जा.

मग ती सरळ ७० ला का देत नाही? कारण शेजारी उभ्या असलेल्या माणसाला कान आहेत. एका वाट्याला ७० म्हटलं की उरलेल्या सातांचाही भाव तोच झाला. शिवाय उद्या सकाळी आठला येऊन कोणीतरी "काल सत्तरला दिलेलास" म्हणून उभं राहणार. त्यामुळे तोंडातून निघालेला आकडा तिला महाग पडतो, हाताने टाकलेला मासा तेवढा पडत नाही. बारकाईने पाहिलं तर हे दिसतं: ती "दीडशांक परवडना" असं मोठ्याने म्हणते, मान हलवते, दुसऱ्या बाईकडे बघून काहीतरी बोलते आणि त्याच वेळी तिचा उजवा हात मागच्या टोपलीत जाऊन दोन बांगडे काढून तुमच्या पिशवीत टाकतो. आकडा सर्वांनी ऐकला. बांगडे मोजले फक्त तुम्ही.

म्हणून गोव्यात घासाघीस पैशांत कमी आणि वाट्यात जास्त चालते. बांगडे, तारले, वेर्ल्यो, सुंगटं, तिसऱ्यो, खुबे हे सगळं पूर्वापार नगावर किंवा वाट्यावर विकलं जातं, आणि वाटा म्हणजे काही ठरलेलं माप नाही. तिथेच जागा आहे. "शंभरला दे" म्हटल्यावर जी बाई तोंड फिरवते, तीच "दीडशे राहू देत मावशी, पण दोन घाल" म्हटल्यावर हसते. एक मात्र बघावं. वाट्यात दिसायला मोठे बांगडे वर आणि पोट बाहेर करून लावलेले असतात, वरून पाण्याचा शिपका मारलेला असतो. वरकड येतात ते मागच्या टोपलीतले. ते हातात घेऊन बघा. पिचपिचीत असतील तर ती सूट नाही, ती तिची अडगळ आहे.

दुपारच्या स्वस्ताईला एक शास्त्रीय अटही आहे, आणि ती भावापेक्षा महत्त्वाची. बांगडा, तारली, गेदर (ट्यूना) या मासळीच्या मांसात हिस्टिडीन नावाचा घटक भरपूर असतो. मासळी उन्हात, बर्फाविना राहिली की जिवाणू त्याचं हिस्टामीन करतात. ते खाल्ल्यावर चेहरा लाल होतो, अंगावर गांधी उठतात, डोकं दुखतं. लोक म्हणतात मासळी बाधली. हिस्टामीन एकदा तयार झालं की शिजवून किंवा तळून जात नाही. म्हणून दुपारी जायचं असेल तर जिच्या टोपलीत अजून बर्फ दिसतो तिच्याकडेच जा. कल्ले तांबडेलाल आहेत का, डोळे फुगीर नि स्वच्छ आहेत का, पोटावर बोट दाबल्यावर खड्डा भरून येतो का, एवढं पाहा. तिसऱ्यो-खुब्यांचे शिंपले मिटलेले हवेत. टिचकी मारूनही उघडा राहिलेला शिंपला मेलेला असतो. ही तपासणी म्हणजेही घासाघीसच. कल्ला उचलून पाहणाऱ्याला ती पहिला भाव जरा जपूनच सांगते.

भरवसाच उडाला तर स्वस्ताईला काही अर्थ उरत नाही, हे गोव्याने २०१८ च्या जुलैत पाहिलं. बाहेरून येणाऱ्या मासळीत फॉर्मेलिन (मृतदेह टिकवायला वापरतात ते रसायन) असल्याचा संशय उठला, सरकारने बाहेरची आवक काही दिवस बंद केली, आणि आठवड्यात सहा दिवस मासळी खाणारे अनेकजण अचानक डाळीवर आले. तेव्हा कोणी भाव विचारत नव्हतं. "खंयचें?" एवढंच विचारत होते. कुठलं आहे?

आता दिवस आणि ऋतू. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या काळात मालीम, कुटबण, शापोरा, वास्कोचा खारेवाडा या धक्क्यांवर ट्रॉलर नुसते बांधून असतात. बाजारात येतात ते खाडीतले शेवटे, काळुंद्र, कधी चणक, आणि थोडाफार बर्फातला माल. चार वाटे आणि चाळीस गिऱ्हाइकं अशी स्थिती असते. माल उरण्याची भीतीच नाही, तेव्हा तोंड कितीही चालवा, ती दुसरीकडे बघत बसेल. १ ऑगस्टला ट्रॉलर सुटतात, आणि नेमका त्याच सुमाराला आपला श्रावण असतो. हिंदू घरांत निम्मी चूल शाकाहारी झालेली, समुद्रातून मात्र कोलंबी आणि बांगडे भरभरून येताहेत. श्रावण न पाळणाऱ्यांचं त्या दिवसांत चांगलंच साधतं. हॉटेलवाल्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

आठवड्यातही असंच. रविवारी आणि बुधवारी मासळीला मान असतो. सोमवारी अनेक घरांत नुस्तं (मासळी) नसतं, गुरुवारीही बऱ्याच जणांचं वर्ज्य. संकष्टी, एकादशी वेगळ्याच. ज्याला वार नाही त्याने सोमवारी जावं, एवढं साधं आहे.

अपवाद सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाचा. बोणी झाल्याशिवाय पुढचं गिऱ्हाईक लागत नाही असं मानणाऱ्या विक्रेत्या आहेत, आणि पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलेलं त्यांना खपत नाही. त्यामुळे अगदी पहाटेही भाव थोडा हलतो. यात उरलेल्या मालाचा काही संबंध नाही, ही श्रद्धा आहे. तिचा फायदा घ्यावा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मला विचाराल तर बोणीला फार ताणू नये. घ्यायचं नसेल तर बोणीआधी भावही विचारू नये.

एकाच मासळीला दोन माणसांना दोन भाव का, ही तक्रार गोव्यात नेहमीची. यावर एक गाजलेला अभ्यास आहे, आणि तो मासळी बाजारातलाच. न्यूयॉर्कच्या फुल्टन मासळी बाजारात भावाची पाटी नसे, प्रत्येकाला भाव वेगळा सांगितला जाई. कॅथरिन ग्रॅडी या अर्थतज्ज्ञांनी तिथल्या एका घाऊक व्यापाऱ्याचे व्यवहार तपासले. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की सारख्याच मासळीला आशियाई वंशाचे खरेदीदार गोऱ्या खरेदीदारांपेक्षा सुमारे ७ टक्के कमी देत होते. व्यापाऱ्याला ते जास्त आवडत होते असं नव्हे. भाव चढला तर ते घेणारच नाहीत, दुसरीकडे जातील, हे त्याला माहीत होतं; बाकीचे घेतील, हेही माहीत होतं.

आपल्या बाजारात हीच पारख होते, फक्त खुणा वेगळ्या. अर्ध्या चड्डीत आलेला, हिंदीत विचारणारा, सोबत हॉटेलची पिशवी असलेला माणूस परत येणार नाही आणि त्याला कालचा भाव माहीत नाही. पुण्या-मुंबईहून आलेल्या मराठी माणसाला वाटतं आपण घरचेच. मराठीत विचारलं तर उत्तर मराठीत गोड मिळतं, पण भाव पर्यटकाचाच असू शकतो. उगीच कोकणीचा आव आणून उपयोग नाही, दुसऱ्या वाक्याला पितळ उघडं पडतं. त्यापेक्षा सुरमईला इसवण म्हणणं, मुड्डोशी आणि लेपो ओळखता येणं, आणि "काल कितलें आशिल्लें?" असं विचारणं जास्त कामाचं. काल किती होतं हे विचारणारा उद्याही येईल, असा त्याचा अर्थ लागतो. रोजच्या गिऱ्हाइकाला तिने फसवलं तर वीस-पंचवीस रुपयांसाठी तिचं वर्षभराचं गिऱ्हाईक जातं. गोव्यातल्या घरांत ठरलेली नुस्तेकान्न असते ती यामुळे. तिच्याशी घासाघीस होतच नाही फारशी. महाग असेल त्या दिवशी तीच सांगते, "आज नाका, म्हारग आसा."

उरलेल्या मालाचा प्रश्न किनाऱ्यावर त्याहून मोठा असतो. रॉबर्ट जेन्सन यांनी उत्तर केरळच्या तारली पकडणाऱ्या मच्छीमारांवर केलेला अभ्यास २००७ मध्ये आला. १९९७ ते २००१ दरम्यान तिथे टप्प्याटप्प्याने मोबाईल पोचला. त्याआधी एका धक्क्यावर गिऱ्हाईक नाही म्हणून तारल्या समुद्रात फेकल्या जात, आणि त्याच सकाळी थोड्या अंतरावरच्या धक्क्यावर गिऱ्हाइकं रिकाम्या हाताने परतत. मोबाईल आल्यावर होडीतूनच फोन होऊ लागले, कुठे भाव आहे ते बघून होडी तिकडे वळू लागली. फेकाफेक जवळजवळ थांबली. मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्के वाढला आणि गिऱ्हाइकाचा भाव ४ टक्के उतरला. दोन्ही बाजूंना फायदा, आणि कोणी कोणाशी हुज्जत घातली नव्हती. मासळीच्या भावातली मोठी घट अशी माहितीतून येते. तुमच्या-माझ्या दोन बांगड्यांचं माप त्यामानाने बारीक.

भाजीत घासाघीस का रंगत नाही याचं उत्तरही माहितीतच आहे. गोव्यात बरीचशी भाजी बेळगावहून येते, आणि गोवा राज्य फलोत्पादन महामंडळाचे गाडे ती सवलतीच्या दरात विकतात. गाड्यावर दर लिहिलेला असतो. टोमॅटो आज कितीला, हे गल्लीतल्या प्रत्येकाला माहीत. मग बाजारातल्या भाजीवाल्याला त्यापासून फार लांब जाता येत नाही, आणि तुम्हालाही त्याच्याकडून फार काही काढता येत नाही. गावठी भाजीचं तसं नाही. ताळगावची, आगशीची वांगी, पावसातला तेरें-अळू, तांबडी भाजी यांना दरपत्रक नाही. ती घेऊन बसलेली बाई बहुधा स्वतःच पिकवणारी असते, चार जुड्या आणि दोन पडवळं एवढंच तिचं दुकान. जुडीमागे पाच रुपये तोडून घेणाऱ्यांविषयी माझं मत फारसं चांगलं नाही. काजूगर आणि इसवण ज्याला परवडतं त्याने तांबड्या भाजीवर शौर्य दाखवू नये.

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार ही याची दुसरी बाजू. बार्देश, पेडणे, डिचोलीच्या गावांतून आणि पलीकडून सिंधुदुर्गातूनही लोक माल घेऊन येतात. एप्रिल-मेमध्ये पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचा माल असतो: सुके बांगडे, सुकी सुंगटं, सोलं, चिंच, कांद्याच्या माळा, हरमलची मिरची. काणकोणच्या खोला मिरचीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा भाव वेगळाच चढतो. या मालाची दुपारपर्यंत थांबून वाट बघण्यात अर्थ नाही. मिरची काही संध्याकाळी सडत नाही. विकली नाही तर पोतं बांधून पुढच्या शुक्रवारी परत. तिथे घड्याळ तुमच्या बाजूने नसतं, पोतं असतं. पाव किलो घेणाऱ्याला भाव लागतो तो लागतो. दोन-तीन घरांनी मिळून पाच किलो घेतली तर खरी सूट निघते, कारण तेवढं ओझं परत न्यायचं वाचलं. नारळाचंही असंच. तो टिकतो, आकारावर नगाने विकला जातो, नुसता हलवून पाणी वाजतं का ते बघावं आणि शंभराच्या हिशेबाने घेणार असाल तरच बोलावं.

मानकुराद आंब्याबद्दल थोडंच. हंगामाच्या तोंडावर डझनाला काही हजार रुपये सांगतात आणि लोक देतातही, कारण पहिला मानकुराद घरी नेण्याची हौस भावाने मोजली जात नाही. मेच्या मध्यावर ढग दाटले की तोच आंबा झपाझप उतरतो. पाऊस पडला की आंब्यात कीड, हे दोघांनाही ठाऊक.

उरलेल्या मालाची भीती सर्वांत उघडी दिसते ती चवथीच्या आदल्या दिवशी, माटोळीच्या बाजारात. माटोळी म्हणजे गणपतीच्या वर फळं-फुलं टांगून सजवलेली चौकट. कांगलां, कवंडळं, तोरिंजनं, चिबूड, सुपारीचे घोस रानातून, बागेतून तोडून आणलेले असतात. सकाळी एका कवंडळाला सांगतील ती किंमत असते, कारण माटोळी त्याशिवाय सजत नाही. रात्री मात्र त्याच मालाला दुसऱ्या दिवशी कोणीही विचारणार नाही. सत्तरी तालुक्यातून आलेल्या माणसाला शेवटची बस पकडायची असते. पण उशिरा जाणाऱ्यानेही जुगार खेळलेला असतो: हवं ते फळ संपलेलं असू शकतं, आणि मग जो एक विक्रेता उरतो तो म्हणेल ती किंमत. दोन्ही बाजूंना भीती असेल तेव्हा कोण आधी कचरतो यावर सौदा ठरतो.

वजनाच्या मालात एक खबरदारी. इसवण, मोरी, चणक किलोवर घेता तेव्हा भाव ठरवण्याआधी वजन कशाचं हे ठरवा. अख्ख्या माशाचं की डोकं-पोट काढून? किलोमागे पन्नास कमी केले आणि डोक्यासकट तोललं तर सूट तिथेच जिरली. साफ करून, तुकडे करून देणाऱ्याचे पैसे बऱ्याचदा वेगळे असतात, तेही आधी विचारावेत. काट्यावर पडताळणीचा शिक्का आहे का ते बघणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे, त्यात कोणाचा अपमान नाही.

उरला काजू, जिथे गोव्याला येणारा प्रत्येकजण भाव पाडतो आणि खूश होऊन जातो. इथे दुपारपर्यंत थांबण्याची युक्ती लागू नाही. काजू टिकतो, दुकानदाराला घाई नाही, आणि मालाविषयी त्याला सगळं माहीत, तुम्हाला काहीच नाही. सीलबंद पाकिटावर छापील कमाल किंमत असते, तिच्याखाली किती हे विचारता येतं. सुट्या काजूचा खेळ आकारात आहे. डब्ल्यू १८०, डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० अशा प्रती असतात. हा आकडा म्हणजे एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती गर बसतात तो. आकडा जितका लहान तितका काजू मोठा आणि महाग. तुम्ही किलोमागे दोनशे रुपये कमी करायला लावता, तो "बरं, तुमच्यासाठी" म्हणतो आणि शेजारच्या डब्यात हात घालतो. म्हणून बोलणी संपल्यावर १०० ग्रॅम तोलून घ्या आणि मोजा. डब्ल्यू १८० असेल तर चाळिसाच्या आत गर भरतील, डब्ल्यू २४० असेल तर पन्नासच्या आसपास. ६८ भरले तर तो डब्ल्यू ३२० आहे, मग डब्यावर काहीही लिहिलेलं असो, आणि भाव त्याचाच द्यायचा.